पक्की वही राहू द्या, कच्चा कागद मागा

प्रति,
केंद्रप्रमुख, विषय सहायक आणि शिक्षण परिषदेत (परिसरातल्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत) मराठीचे सत्र घेणारे सर्व सुलभक

विषय : तिसरी ते पाचवीच्या मुलांचे अनुभवलेखन आणि आपली वहीतपासणी

सप्रेम नमस्कार.

शाळाभेटीला आलात की आपण निबंधाच्या वह्या मागवता. कव्हर घातलेल्या, समास आखलेल्या, शीर्षकाखाली दोन रेघा आणि शेवटी तारखेसह लाल सही. पुढच्या भेटीत एक करून पाहा. एकाच वर्गाच्या कुठल्याही पाच वह्या उचला, 'मी अनुभवलेली सहल' काढा आणि पाचांतले फक्त पहिले वाक्य वाचा. मग शेवटचे वाचा. सुरुवातीला सगळे पहाटे लवकर उठलेले असतात आणि शेवटी सगळे 'ही सहल मी कधीही विसरणार नाही' असे म्हणून घरी आलेले असतात. मधल्या भागात 'खूप मजा आली'.

यात मुले आळशी नाहीत आणि शिक्षकही कामचुकार नाहीत. वही भरलेली, नीटनेटकी आणि बिनचूक दिसली पाहिजे ही आपली अपेक्षा असते. नऊ वर्षांचे मूल स्वतःचे काही खरे लिहू लागले तर त्याचा कागद तसा दिसूच शकत नाही. म्हणून फळ्यावर मुद्दे येतात : तयारी, प्रवास, स्थळवर्णन, जेवण, परतीचा प्रवास. मुद्द्यांची वाक्ये होतात आणि वाक्ये वहीत उतरतात. सुंदर अक्षरात उतरतात, एवढेच. 2023-24 मध्ये पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पाने घातली गेली आणि 2025-26 पासून ती काढलीही गेली. पानांची चर्चा भरपूर झाली, त्या पानांवर मुलाने काय लिहावे याची फारशी झाली नाही.

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये मूल भयमुक्त व्हावे आणि त्याला आपले म्हणणे मोकळेपणाने मांडता यावे, असे स्पष्ट लिहिले आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत पर्याय रंगवायचे असतात, तिथे लेखनाची एक ओळही लागत नाही. मग प्राथमिक शाळेत मुलाला स्वतःबद्दल लिहायला जागा उरते ती भाषेच्या तासालाच, आणि ती आपण फळ्याला देऊन टाकली आहे.

काय करता येते ते तपशिलाने सांगतो.

सगळ्यात आधी विषयाचा आकार. 'सहल', 'दिवाळीची सुट्टी', 'माझे बालपण' हे विषय मुलाच्या हातात मावत नाहीत. दिवसभराची सहल शंभर शब्दांत सांगायची तर यादीच होणार. कसोटी सोपी आहे : जे घडले ते किती वेळात घडले? अर्ध्या तासाच्या आतले असेल तरच घ्यायचे. सहल नको, घाटात बस लागली ती दोन वळणे घ्या. जत्रा नको, पाळणा वर थांबला तेवढा वेळ पुरे. यात आणखी एक गोष्ट साधते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबातले मूल दिवाळीनंतर जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येते. सहल, स्नेहसंमेलन, 26 जानेवारी यातले काहीच त्याच्या वाट्याला आलेले नसते. 'माझी आई' लिहायला सांगितल्यावर आई नसलेले मूल काय करते हे आपल्याला ठाऊक आहे. अर्ध्या तासाची गोष्ट मात्र प्रत्येकाकडे असते.

'मला काही झालंच नाही' म्हणणारी पाच-सहा मुले प्रत्येक वर्गात निघतात. त्यांना विषय देऊ नका, अंगावरचा वण दाखवायला सांगा. गुडघा, कोपर, हनुवटी यापैकी कुठेतरी तो असतोच, आणि वण दाखवताना मूल आपोआप बोलायला लागते. नाहीतर हरवलेली वस्तू, पहिल्यांदा एकट्याने केलेले काम, घरात सगळ्यांना कळायच्या आधी फक्त आपल्याला कळलेली गोष्ट. मात्र वण दाखवायचा की नाही हे मुलाने ठरवायचे. काही वण मारहाणीचे असतात, काही भाजल्याचे. असा मजकूर कागदावर आला तर तो वर्गात वाचून घ्यायचा नाही, भिंतीवर लावायचा नाही आणि त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तर मुळीच काढायचे नाही. मूल संकटात आहे असे दिसले तर 1098 ही बालसाहाय्यवाणी आहे. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याने माहिती देणे बंधनकारकच आहे. अनुभवलेखन घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे पहिल्या तासाआधी माहीत हवे, आणि ते शिक्षण परिषदेत सांगणे आपले काम आहे.

दुसरे, बोलणे. या वयाचे मूल बोलते भराभर आणि लिहिते मुंगीच्या चालीने. एक वाक्य लिहून होईपर्यंत पुढची तीन विसरते. म्हणून एक पूर्ण तासिका फक्त सांगण्यात घालवावी. जोड्या करायच्या, प्रत्येकाला तीन मिनिटे. ऐकणाऱ्याला तीनच प्रश्न विचारायची मुभा : 'मग?', 'कुठं?' आणि 'कोण काय म्हणालं?' मग जोडी बदलून तीच गोष्ट पुन्हा सांगायची. दुसऱ्यांदा सांगताना मूल नको ते आपोआप गाळते, कारण पहिला ऐकणारा कुठे कंटाळला हे त्याने पाहिलेले असते. वर्गात गोंगाट होईल. त्या वेळी आपण दारात आलात तर कृपया शिक्षकाला 'वर्गनियंत्रण' असा शेरा देऊ नका.

तिसरे, आराखडा. पाठकोऱ्या कागदाला दोनदा घडी घातली की चार चौकटी होतात. पहिलीत आधी काय चालले होते, दुसरीत काय बिघडले, तिसरीत तेव्हा मी काय केले, चौथीत शेवटी डोळ्यांपुढे काय राहिले. प्रत्येक चौकटीत काड्यांची माणसे आणि फार तर तीन शब्द. वेळ दहा मिनिटे, पेन्सिल एकच. रंगपेटी दप्तरातच राहू द्यावी, नाहीतर अख्खी तासिका आभाळ निळे करण्यात जाते. सुरुवात दुसऱ्या चौकटीपासून करायला सांगावे. पहिलीपासून सुरू केले की मुले उठणे, दात घासणे, चहा पिणे यातच अडकतात. बिघडले काय ते आधी ठरले, तर त्याच्या आधीचे किती सांगायचे हे कळते.

शिक्षकाने स्वतः फळ्यावर लिहून दाखवणे फार उपयोगाचे असते. सहा-सात ओळी, मुलांसमोर, अडखळत, खोडत. पण मुले लिहायला बसण्याआधी तो फळा पुसायचा. इथे हमखास चूक होते. चांगला मजकूर पुसवत नाही, आणि मग शिक्षकाच्या पंक्चर झालेल्या मोटारसायकलच्या तीस आवृत्त्या तयार होतात.

आता कच्चा कागद. एक ओळ सोडून लिहायचे, म्हणजे नंतर घालायला जागा राहते. खोडरबर बंद. चुकले तर एक आडवी रेघ मारायची. रबराने मूल अक्षर खोडत बसते, कागदाला भोक पडते आणि तोवर डोक्यातले वाक्य निघून जाते. एखादा शब्द लिहिता येत नसेल तर कानाला जसा ऐकू येतो तसा लिहायचा, खाली एक रेघ ओढायची आणि पुढे जायचे. तिसरीला साठ-सत्तर शब्द पुरेत, चौथीला शंभर, पाचवीला दीडशे. त्यापेक्षा जास्त मागितले की मुले 'खूप'चे 'खूप खूप' करून ओळी वाढवतात. 'एकदा काय झालं' अशी सुरुवात झाली तर होऊ द्या. ते विहिरीवरच्या रहाटासारखे आहे, पाणी वर आले की काम झाले. नंतर ते वाक्य काढायला मुलाला काहीच वाटत नाही.

नमुना म्हणून चौथीच्या मुलाचा असा मजकूर समोर आहे असे धरू :

'मी विहिरीवर गेलो. माझी चप्पल विहिरीत पडली. मला खूप भीती वाटली. मग बाबांनी चप्पल काढली. मला खूप आनंद झाला.'

आपल्या नेहमीच्या तपासणीत याला 'छान' आणि सही मिळेल, कारण यात चूक एकही नाही. पण गोष्टही नाही. इथे शिक्षकाने शेजारी बसून तीन प्रश्न विचारायचे, तीनच. चप्पल पडल्यावर आधी काय ऐकू आले? भीती कशाची वाटली, पाण्याची की घरच्यांची? बाबा येईपर्यंत तू काय केलेस? उत्तर मुलाने तोंडी द्यायचे आणि शिक्षकाने म्हणायचे, 'हेच लिही, असंच.' रिकाम्या ओळीत काकपद (राहिलेले शब्द आत घालायची ^ खूण) घालून ते आत जाते. मजकूर असा काही होतो :

'मी विहिरीत वाकून बघत होतो. पायातली चप्पल सटकली. लई वेळानं डुबुक वाजलं. चप्पल नवी होती, दोनच दिवस झालते. मी दुसरी पण काढली आन् दप्तरात घातली, म्हंजे वाटंल आज चप्पल घातलीच नाय. बाबा म्हणाले, "पाय का पोळवतोय रं?" मी गप बसलो. मग बाबांनी गळ टाकला. आधी आज्जीची जुनी बादली वर आली, मग चप्पल.'

दुसरी चप्पल दप्तरात लपवणे हाच या गोष्टीचा जीव आहे, आणि पहिल्या मजकुरात तो नव्हताच. मुलाला तो सांगण्यासारखा वाटला नव्हता, कारण त्याच्या मते निबंधात असले काही लिहायचे नसते. 'भीती' हा शब्द गेला आणि भीती दिसायला लागली. शेवटी 'आनंद झाला' नाही, 'म्हणून आपण विहिरीत वाकू नये' असे तात्पर्यही नाही. तात्पर्याची सवय मुलांना बोधकथांतून लागते. अनुभवाला ते चिकटवले की मूल प्रत्येक वेळी शहाणपण शिकल्याचे सोंग घेते. बादली आधी वर आली, तिथे थांबू द्या.

आणखी एक इशारा. भावनेच्या शब्दांऐवजी शरीरातले सांगा, असे सुचवले की काही शिक्षक 'पोटात गोळा आला', 'तोंडचे पाणी पळाले', 'अंगावर काटा आला' अशी यादी फळ्यावर देतात. आठवड्याभरात सगळ्या वर्गाच्या पोटात गोळे येतात. यादी देऊ नका, प्रश्न विचारा.

मराठीचे म्हणून काही खास अडथळे आहेत, आणि इथे भाषाशिक्षकाचे खरे कौशल्य लागते. पहिला काळाचा. 'आम्ही नदीवर जायचो, तिथे मासे पकडले, मग सापडायचे' अशी सरमिसळ मुले करतात, कारण नेहमीची गोष्ट आणि एकदाच घडलेली गोष्ट यातला फरक त्यांना क्रियापदाने दाखवता येत नाही. चौकटींचा इथे उपयोग होतो. पहिल्या चौकटीत 'बघत होतो, खेळत होतो', दुसरीपासून 'सटकली, पडलो'. व्याकरणातले अपूर्ण आणि साधा भूतकाळ ही नावे न घेता हे जमते. दुसरा अडथळा 'मी'चा. 'मी उठलो. मी धावलो. मी दार उघडले.' मराठीत 'उठलो' म्हटले की 'मी' आलाच, तेव्हा पहिला ठेवून बाकीचे काढून वाचायला सांगा. वाक्य सुटे वाटते की नाही ते मुलाच्या कानालाच कळते. तिसरा 'मग'चा. प्रत्येक 'मग'च्या जागी 'त्यानंतर' घालणे हा उपाय नव्हे. दोन-तीन 'मग' पुसायचे आणि 'काढून', 'वाकून', 'बघून' असे जोडायचे. एका वाक्यात एकच 'ऊन', नाहीतर 'उठून जाऊन घेऊन येऊन' अशी आगगाडी निघते.

बोलीबद्दल आपल्या मनात भीती असते, म्हणून जरा थांबून लिहितो. 'कुठे चाललास?' हे खानदेशात 'कथा चालना?' असते, मालवणात 'खंय चललंस?' आणि वऱ्हाडात 'कुठी चालला?' आजी जर 'कथा चालना?' म्हणाली असेल तर वहीत तिने 'कुठे चालला आहेस?' म्हणणे ही चूक आहे, कारण आजी तसे म्हणालीच नव्हती. मराठी लेखनविषयक नियमांतही पात्राच्या तोंडच्या बोलण्यात 'असं केलं', 'मी म्हटलं' अशी उच्चाराप्रमाणे रूपे लिहायला मुभा आहे. ती मुभा बोलीपर्यंत नेण्यात भाषेचे काही बिघडत नाही. आमचा सरळ आग्रह असा : कच्च्या कागदावर सगळे मुलाच्या भाषेत, पक्क्या वहीत निवेदन प्रमाण मराठीत हवे तर करा, पण अवतरणचिन्हाच्या आतल्या शब्दाला हात लावू नका. मुलगी 'मी गेली' लिहिते की 'मी गेले' यावरही पहिल्या कागदात लाल रेघ नको.

मेळघाटातले कोरकू मूल किंवा गडचिरोलीतले गोंडी मूल यांच्या बाबतीत बोलीचा नाही, वेगळ्या भाषेचा प्रश्न असतो. त्यांनी जोडीत आपल्याच भाषेत सांगावे, चौकटीतले तीन शब्दही आपल्याच भाषेतले, देवनागरीत. मराठी वाक्ये करायची ती त्यानंतर, शिक्षकाबरोबर. ज्या वस्तूला मराठीत नेमका शब्द नाही तिचे घरचे नाव तसेच ठेवावे. शिक्षकाला ती भाषा येत नसेल तर जोडीदार मूल समजावते, आणि तसे समजावताना त्याचेही मराठी सुधारते.

वेळेचा हिशेब आपण विचारणारच. पस्तीस मिनिटांच्या सहा तासिका, दोन आठवड्यांत : एक सांगण्याची, एक चौकटींची, एक कच्च्या कागदाची, दोन पुन्हा लिहिण्याच्या, एक पक्क्या प्रतीची आणि वाचनाची. तीस मुले असतील आणि प्रत्येकाशी तीन मिनिटे बसायचे म्हटले तर नव्वद मिनिटे लागतात, ती मिळत नाहीत. म्हणून एका वेळी दहाच मुले घ्यायची, बाकीची जोडीत. तीन लेखनांत सगळा वर्ग होतो. एकच शिक्षक अनेक इयत्ता सांभाळतो अशा बहुवर्ग शाळेत पहिली-दुसरी पाटीवर किंवा चित्रात गुंतलेली असताना हे करावे लागते. दहा मुले तेव्हा जमत नाहीत, पाच जमतात, आणि वर्ग लहान असल्याने तेवढी पुरतात. वर्षाला अशी चार लेखने झाली तरी भरपूर. वीस निबंधांची अनुक्रमणिका मात्र भरणार नाही, आणि इथे आपली मान्यता लागते.

तपासताना एका लेखनात दोनच प्रकारच्या चुका घ्याव्यात, आणि त्याही पक्की प्रत करण्याच्या आदल्या दिवशी. उदाहरणार्थ, या वेळी पूर्णविराम आणि शब्दाच्या शेवटची वेलांटी, म्हणजे 'पाणि' नव्हे 'पाणी'. पुढच्या वेळी अवतरणचिन्हे आणि अनुस्वार. सगळ्या चुका एकदम लाल केल्या की मूल पुढच्या वेळी फक्त येणारेच शब्द वापरते. 'डुबुक' जातो आणि 'पाण्यात पडली' येते.

आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या, मूल्यमापनाच्या नोंदीत 'स्वतःचे अनुभव क्रमवार सांगतो' हे वाक्य वर्षानुवर्षे फिरते आहे. त्याऐवजी 'दुसऱ्या कागदात बोलणे घातले, शेवट अजून घाईचा' अशी एक ओळ लिहिली तरी पुढच्या शिक्षकाला काही कळेल.

आमच्या मागण्या दोनच आहेत. शाळाभेटीत निबंधाची पक्की वही पाहिलीत तर तिच्यासोबत त्याच मुलाचा कच्चा कागद मागा, खाडाखोड आणि काकपदांसकट. तो नसेल तर पक्क्या वहीवर सही करू नका. आणि पुढच्या शिक्षण परिषदेत प्रत्येक शाळेने असे तीन कच्चे कागद आणावेत : एक जमलेला, एक अडलेला आणि एक जेमतेम चार ओळींचा. मुलांची नावे घडी घालून झाकावीत. मराठीच्या सत्रात स्लाइड दाखवण्याआधी त्या चार ओळींच्या कागदावर कोणते तीन प्रश्न विचारायचे, ते सगळ्यांनी मिळून ठरवू.

आपले,
प्राथमिक वर्गांना मराठी शिकवणारे काही शिक्षक